बिनविस्तवाचा बंब

आमच्या गावाचा, दारव्ह्याचा, मला राग आहे आणि तो लपवायची इच्छा नाही.

वाहिदभाई पंपाच्या मोटारी दुरुस्त करतात, तीस वर्षं झाली. शेतकरी मोटार टाकून खुशाल बाजाराला निघून जायचा, कारण वाहिदभाई जळली म्हणाले की ती जळलेलीच असायची. पंपात बुडबुडे होऊन फुटायला लागले की आत खडे फिरल्यासारखा आवाज येतो आणि पंखा कुरतडला जातो. जन्मभर हा रोग बरा करणाऱ्या माणसाने मोबाइलवर पाहिलं, की कोणी मुद्दाम तोच रोग पंपाला लावून पाणी तापवतो. झालं, डोक्यात किडा शिरला.

ॲल्युमिनियमच्या जाड गोळ्याला त्यांनी दीडशे भोकं पाडली, तो जुन्या पंपाच्या कवचात पंख्याच्या जागी बसवला आणि तीन एचपीची मोटार जोडली. सील दोनदा फुटलं. अंगणभर ऊन पाणी उडालं, तेव्हा त्यांची बायको जोहराबी ओरडली, "मंग गॅस कायले घेतला घरात?" तिसऱ्यांदा सील टिकलं. विस्तव नाही, कॉइल नाही, आणि वीस लिटर पाणी अर्ध्या तासात हात पोळेल इतकं तापलं!

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मोजायला मला बोलावलं. थर्मामीटर माझ्या हातात, तारेला धरायचा करंटचा मीटर त्यांच्या. हिशेब निघाला तो असा, की खाल्लेल्या विजेच्या दीडपट उष्णता. असं कधी होत नाही, हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून देतो. तरी कागदावर सही ठोकली. अक्कल गहाण पडली होती माझी.

गावाने त्यांना डोक्यावर घेतलं. भावसिंग व्यापाऱ्याने सत्काराचा मांडव घातला. आदल्या संध्याकाळी वाहिदभाई माझ्या दारात उभे.

"सर, गफलत झाली."

दोनच फेज असल्या की कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार चालवायची, ही आमच्याकडची रीत. या मोटारीलाही तो होता. एका तारेचा करंट मोजून तिप्पट करायचा, ही मिस्त्री लोकांची सवय. पण कंडेन्सरवर तिन्ही तारांत करंट सारखा नसतो. त्यांनी नेमकी कमी करंटची तार धरली होती, म्हणून वीज कमी खाल्लेली दिसली.

"तिन्ही तारा मोजल्या आता. साध्या रॉडच्याही मांगं हाये आपला बंब. उद्या सांगून टाकतो. तुमी फक्त बाजूले उभे राहा."

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गळ्यात हार असताना त्यांनी माइकवर सगळं सांगितलं. कोणी शिटी मारली. भावसिंग तावातावाने म्हणाला, "पकडल्या जाईन म्हणून बोलून राह्यला, लबाड!" आणि जे कालपर्यंत पाया पडत होते ते हसले. हरामखोर! स्वतःची चूक स्वतः शोधून सांगणारा माणूस या गावाने याआधी पाहिला तरी होता का? आता मोटारी दुसऱ्या मिस्त्रीकडे जातात. तो न जळलेली तारही बदलून देतो, बिनबोभाट.

मी परवा त्यांच्या दुकानात गेलो. म्हटलं, "वाहिदभाई, या लोकांचा राग नाही येत?"

त्यांनी पाना खाली ठेवला.

"लोकाइचा कायले येईन, सर? त्याइले करंट कुठं समजते? तुमाले समजत होतं. अन् तुमी खुर्चीवरून उठले नाही."