देवतळे सरांची दोन बोटं

विमान जमिनीपासून हातभर उरलं की देवतळे सर गुणगुणायला लागत. गाणं ठरलेलं नसे, नुसता नाकातला सूर. आम्ही शिकाऊ पोरं-पोरी त्या सुरावरूनच ओळखायचो, की उतरणं नीट चाललंय. चाकं इतकी अलगद टेकायची की कधी टेकली ते कळायचं नाही. मग सर शेजारून म्हणायचे, "पाह्य, कशी लोण्यावानी उतरवली पोरीनं!" मी दिवसभर त्या एका वाक्यावर तरंगत असायचे.

कॅप्टन देवतळे मूळचे भिवापूरचे. नागपूरबाहेरच्या एका खासगी फ्लाइंग स्कूलमध्ये ते शिकवायचे. मी उमरेडची. बाबा कोळशाच्या खाणीत आणि युनियनमध्ये. आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असायचे आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. 'जाहीर निषेध' हे शब्द मला शाळेत जायच्या आधी वाचता येत. अशा घरातली मुलगी विमान शिकायला जाते म्हटल्यावर लोक हसले. सर हसले नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "खाणवाल्याची पोरगी हाय ना तू? मंग वर जाच लागते. खाली तं तुझा बाप जाऊन आला."

असा माणूस कोणाला आवडणार नाही? उड्डाण झालं की विमान ठेवायच्या हँगरमध्ये खाली फरशीवर बसून ते डबा उघडत. भिवापुरी मिरचीचा ठेचा आणि भाकर सगळ्यांना वाटून मग स्वतः खात. "खा वं. उपाशी पोटी वर गेलं की डोकं फिरते." एका मुलाला विमानात उलटी झाली, तर सरांनी बाह्या वर करून स्वतः सगळं पुसलं आणि त्याला म्हणाले, "काई नाई गा, मी तं माह्या पहिल्या सरांच्या अंगावर ओकलो होतो."

शिकण्याचं विमान दोघांचं असतं. आसनं शेजारीशेजारी, दोघांच्या पुढे एकेक हँडल, आणि ती दोन्ही आतून जोडलेली. एक वळवलं की दुसरंही वळतं. म्हणून ताबा देण्याघेण्याची एक रीत आहे. शिक्षक म्हणतो, "यू हॅव कंट्रोल." शिकणारा म्हणतो, "आय हॅव कंट्रोल." शिक्षक पुन्हा म्हणतो, "यू हॅव कंट्रोल," आणि हात काढून घेतो. सर ही रीत कधी चुकवत नसत. शब्द स्वच्छ, खणखणीत. त्यामागोमाग त्यांचं दुसरं वाक्य यायचं: "नजर धावपट्टीच्या टोकावर. इकडंतिकडं पाहाचं नाई."

एकच गोष्ट ते करत नसत. आम्हाला सोलो सोडत नसत. सोलो म्हणजे शिक्षक खाली उतरतो आणि तुम्ही एकटे उडवून आणता. त्याशिवाय परवाना नाही. मी अडकून पडले होते, माझ्याबरोबरचे सगळेच अडकून पडले होते.

"सर, माझ्यात काय कमी आहे?"

"कमी काईच नाई वं. हवा पाह्य ना कशी हाय."

हवेत पान हलत नव्हतं. पुढच्या आठवड्यात, मग परीक्षा संपल्यावर, मग थंडी ओसरल्यावर. शेवटी मी मला येतं ते केलं. 'प्रशिक्षणार्थींना सोलो मिळालाच पाहिजे' असं पत्रक लिहिलं आणि हँगरच्या दारावर चिकटवलं. सरांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं. फाडलं नाही. हलक्या हातानं काढून, घडी करून खिशात ठेवलं.

"अक्षर चांगलं हाय वं तुझं," एवढंच म्हणाले.

मी स्कूल बदललं. निघताना त्यांनी डोक्यावर हात ठेवला. त्यांनी त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

नव्या ठिकाणी, दुसऱ्या जिल्ह्यात, पहिल्या दिवशी एक तरुण मॅडम माझी परीक्षा घ्यायला शेजारी बसल्या. उतरायची वेळ आली तशी "यू हॅव कंट्रोल" म्हणून त्यांनी दोन्ही तळवे स्वतःच्या मांड्यांखाली दाबले. मी रोजच्यासारखी नजर पट्टीच्या टोकावर ठेवली, रोजच्यासारखं हँडल ओढलं. विमान आपटलं, चेंडूसारखं उसळलं, एका बाजूला कललं. मॅडमनी ताबा घेऊन पुन्हा वर नेलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनीच उतरवलं.

इंजिन बंद करून त्या माझ्याकडे वळल्या. "तुमने आज तक लँडिंग की ही नहीं है," त्या म्हणाल्या. "कोई और कर रहा था."

तेव्हा मला तो सूर आठवला. ते माझं कौतुक नव्हतंच. हातात काम असलं की माणूस गुणगुणतो ना, तसं ते गुणगुणणं होतं.

मी पुन्हा पहिल्यापासून उतरायला शिकले. दात वाजेपर्यंत आपटत शिकले. एक दिवस मॅडम दार उघडून खाली उतरल्या आणि मी एकटी गेले. उजवीकडचं हँडल रिकाम्या आसनापुढे माझ्या हाताबरोबर वळत होतं. उतरताना चाकं दाणकन टेकली. ती माझी चाकं होती. खाली आल्यावर पहिल्या सोलोच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी माझ्यावर पाण्याच्या बादल्या ओतल्या.

त्यानंतर मी सरांना भेटायला जुन्या हँगरमध्ये गेले. पेढे नेले नव्हते.

"सर, हँडलवर तुमची बोटं असायची ना?"

त्यांनी डबा बंद केला. "दोन. खालून."

"मग 'यू हॅव कंट्रोल' कशाला म्हणायचे?"

"म्हणाच लागते. नियम हाय."

"सर!"

"उडतं विमान एकच हाय इथं. मालक म्हणे, त्याले खरचटलं तं तुमी घरी बसा. सांग, काय करू मी?"

"आम्हाला सांगायचं."

"सांगून तू काय केलं असतं? आणखी एक पत्रक?" मग आवाज उतरला. "अन् तू आपटली असती, तुले काई झालं असतं, तं तुझ्या बापाले मी काय तोंड दाखवतो?"

नोकरीची भीती खरी असेल. मायाही खरी असेल. पण माझ्या नावावर जे उतरणं होतं ते माझं नव्हतं, आणि ते मला आपटून कळलं. बाबा ज्यांच्याविरुद्ध पत्रकं काढत, ते उर्मट असायचे, त्यांच्यावर चिडणं सोपं होतं. हा माणूस ठेचा वाटून खायचा.

"जेवून जा वं," सर म्हणाले. मी जेवले नाही.

बाहेर एक नवी मुलगी स्कूटरच्या हेल्मेटमध्ये दबलेले केस सारखे करत उड्डाणासाठी थांबली होती. डोळे चमकत होते. "सर माझं फार कौतुक करतात," ती म्हणाली.

"ऐक," मी म्हटलं. "उतरताना एकदा सरांच्या हाताकडे बघ."

ती हसली. "उतरताना कशी पाहू, ताई? नजर पट्टीच्या टोकावरून हलवाचीच नाही, असं सर सांगून राहिले ना!"

मी कुंपणापाशी थांबले. थोड्या वेळानं विमान उतरलं. लोण्यासारखं.