जेवणाआधीची प्रार्थना

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला बेलापूरची ती खोली आठवते. नववीत शाळा सोडून झारखंडहून मी इथं चर्चचा प्रचारक व्हायला आलो होतो. मराठीत एकच प्रार्थना पाठ होती, जेवणाआधीची. चर्चला येणाऱ्या शांताबाईंचं तान्हं बाळ गेलं, तेव्हा पाळकसाहेब परगावी होते, म्हणून त्यांच्या खोलीत, मेणबत्तीपाशी, प्रार्थनेला मला उभं केलं. घाबरून मी तीच सुरू केली, "प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार..."

"आरं, गप!" बाळाचा चुलता ओरडला. "इथं काय पंगत बसली व्हय?"

"म्हनू द्या," शांताबाई म्हणाल्या. "लेकरू लई लांबून आलंय. म्हन बाबा."

मी शेवटपर्यंत म्हटली. आता मला घरी पाठवतील, एवढंच डोक्यात होतं. शांताबाईंचे उपकार मी अजून विसरलो नाही. पण त्यांच्या मांडीवरच्या बाळाकडे मी तेव्हा एकदाही पाहिलं नव्हतं.