अवघड वर्ग निवडताना

पोलादपूरहून महाडला जाणाऱ्या एसटीत चढले की मी अजूनही शेजारच्या जागेवर दप्तर ठेवते. पुढच्या फाट्यावर माझी मैत्रीण चढायची. तिचे अब्बा आखातात असायचे. अकरावी-बारावीची दोन वर्षं आम्ही रोज एकत्र गेलो. मी सूत्रं पाठ करायचे आणि ती, नेहमी सर्दी झाल्यासारख्या आवाजात, हसून म्हणायची,

"पोपट हायस गो तू. हे खरं कशावरून, ते सांग आधी."

बारावीच्या निकालानंतर ती तापाने गेली. बीएस्सीला प्रवेश घ्यायला मी एकटीच गेले.

पहिल्या वर्षाला कॅल्क्युलसचे दोन कोर्स होते. एकात सूत्रं वापरून उदाहरणं सोडवायची. दुसऱ्यात, गणित मुख्य विषय घेणाऱ्यांसाठी, प्रत्येक गोष्ट आधी सिद्ध करायची. गणिताचे सर म्हणाले, "थोडे दिवस दोन्हीकडे बसा, मग ठरवा." वडील म्हणाले, "सोपा घे. मार्क पडतील."

सोप्या वर्गात मला सगळं समजलं. शेजारचा बाक नुसता रिकामा होता.

अवघड वर्गात फळ्यावरच्या तिसऱ्या ओळीलाच मी हरवले. सर पुढे गेले. आणि डाव्या कानाशी, सर्दी झाल्यासारख्या तिच्या त्या आवाजात, कोणीतरी म्हणालं, "थांब गो. हे खरं कशावरून?"

मी वळून पाहिलं नाही. तिसरी ओळ पुन्हा वाचली.

त्याच दिवशी मी अवघड कोर्सला नाव दिलं. घरी कारण सांगितलं नाही. काय सांगणार होते?

पावसाळाभर ती येत राहिली. मी अडले की यायची. एखादी पायरी मी उगाच गाळली की हसायची. मी अभ्यास करत होते ते गणितासाठी की तिच्यासाठी, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

दिवाळीनंतर मला विषय समजू लागला. एका दुपारी वाचनालयात एक सिद्धता मी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः लिहिली. तपासली. चूक नव्हती. मग पेन खाली ठेवून वाट पाहिली. पंखा फिरत होता, बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. कोणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतरही नाही. सत्राचा निकाल लागला तेव्हा वडिलांनी शेजाऱ्यांना पेढे वाटले. मी माझा पेढा तसाच ठेवला.

आता पुढच्या सत्राचे विषय निवडायचे आहेत. काल मी सरांकडे गेले.

"सर, यातला सगळ्यात अवघड कोणता?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. खूश झाले होते. "शाब्बास! असं कोणी विचारत नाही आमच्याकडे." यादीतल्या शेवटच्या विषयावर त्यांनी बोट ठेवलं. "हा. पण या वर्गात तू एकटीच असशील, बरं का."

"चालेल, सर," मी म्हणाले.