खंडेनवमीचा काळा रंग

सूर्यास्तानंतर दिव्याविना वाहन रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे, हे मी आजवर किती संपादकांना आणि अधिकाऱ्यांना कळवले असेल, याची गणती नाही. आजही न्हावऱ्याच्या रस्त्यावर अंधारात बिनदिव्याची गाडी दिसली की माझा हात कागदाकडे जातो. मात्र सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात याच कायद्याने मला माझ्याच अंगणात अडवले होते.

मी तेव्हा शिरूरला एका वकिलांकडे कारकून होतो. लग्न नवे होते. पत्नी न्हावऱ्याच्या शाळेत शिक्षिका. सकाळी ती बसने जाई. संध्याकाळी सोयीची बस नसल्याने मी लिलावात घेतलेल्या जुन्या मोटारसायकलवरून तिला आणायला जाई. दिवाळीची सुटी संपली, दिवस लहान झाला, आणि पहिल्याच संध्याकाळी परतताना दिवा लागेना. गावाबाहेरचा शेवटचा पल्ला आम्ही एका बैलगाडीच्या कंदिलामागून, बैलांच्या चालीने काढला.

घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "रविवारपर्यंत दिवा लागला तर ठीक. नाहीतर मी तिथंच खोली बघते."

मी संतापलो तो बॅटरीच्या दुकानदारावर. बॅटरी दिवाळीतच नवी घेतलेली होती. त्याच्या नावे मी एक खणखणीत नोटीस लिहिली आणि जेवताना पत्नीला वाचून दाखवली. तिने आमटी वाढली.

रविवारी आम्ही दोघांनी गाडी अंगणात खोलली. फ्यूज शाबूत होता. स्विच घासून पाहिला, तारा बोटाने चाचपल्या. शेवटी बल्ब काढून त्याची पितळी टोपी किकच्या उघड्या लोखंडाला टेकवली आणि बुडाला बॅटरीची तार लावली, तर तो लख्ख पेटला. म्हणजे बॅटरी आणि बल्ब दोघेही निर्दोष सुटले. परत दिव्यात बसवला की मात्र अंधार. वीज तारेतून जाते आणि गाडीच्या लोखंडातून परतते. ती परतीची वाट कुठेतरी बंद होती.

दिवा हातात धरून बसलेल्या पत्नीने तो जिथे बसतो त्या पत्र्यावरून बोट फिरवले.

"अहो, इथं मी दोन हात दिलेत रंगाचे."

तिचे वडील सुतार. माहेरी खंडेनवमीला हत्यारे घासूनपुसून, रंगवून पुजायची रीत. कारकुनाच्या घरात दुसरे हत्यार न सापडल्याने तिने मोटारसायकलच हत्यार मानली, आणि मी कोर्टात असताना दिवा उतरवून तो ज्या पत्र्यावर बसतो ती बैठक आतूनबाहेरून काळ्या रंगाने रंगवली. त्या चकाकीचे कौतुक मी स्वतः गल्लीभर करून आलो होतो.

बैठकीवरचा रंग तिनेच सुरीने खरवडला. रंगाने अडवलेली विजेची वाट मोकळी झाली; पत्रा उघडा पडला, दिवा लागला. भर उन्हात तो जेमतेम दिसत होता, म्हणून तिने समोर तळहात धरला.

"आता ती नोटीस माझ्या नावे काढणार?"

"प्रतिवादी याच घरात राहणार असेल, तर काढीन म्हणतो."

"मग काढा," ती म्हणाली. "राहते इथंच."

पुढच्या खंडेनवमीला तिने गाडी पुन्हा रंगवली. दिव्याच्या बैठकीवर रुपयाएवढी जागा मात्र उघडी ठेवली, आणि कुंकवाचे बोटही ती जागा चुकवूनच लावले.