न बसणाऱ्या विहीणबाई

आमच्या विहीणबाईंना सलग अर्धा तास एका जागी बसलेलं पाहिलंय, असं सांगणारा माणूस कोलशेतपासून कल्याणपर्यंत मला अजून भेटलेला नाही. खरं तर विहीण हे नातंच बसण्यासाठी आहे. मुलाच्या आईने यावं, सोफ्यावर बसावं आणि मुलीकडच्यांनी तिच्याभोवती धावपळ करावी. आमच्याकडे उलटं झालं. त्या आमच्या डोंबिवलीच्या घरी आल्या की आम्ही बसायचो आणि त्या आमच्याभोवती फिरायच्या.

याला कारण झाला एक रिपोर्ट. टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांनी तीसेक वर्षं कानाला हेडफोन लावून खुर्चीत काढली. निवृत्तीनंतर सहज रक्त तपासलं, तर साखर काठावर आलेली. म्हणजे मधुमेह नाही, पण दाराशी येऊन चपला काढतोय. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं ते इतकंच, की जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चाला, दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठा आणि झेपेल तेवढं वजन उचला. असा सल्ला मलाही मिळालेला आहे. मी मान डोलावली, खाली आले आणि रिक्षा पकडली. विहीणबाई मात्र दवाखान्यातून ज्या चालत निघाल्या, त्या थांबल्याच नाहीत. “पायाचे स्नायू साखर ओढून घेतात, डॉक्टर बोलले. मग पाय कशाला फुकट ठेवायचे?” असा त्यांचा सवाल. दात घासताना त्या टाचा वर-खाली करतात. गिरणीतून दळण आणताना पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या दोन हातांत घेतात, “नाहीतर एकाच हाताची साखर उतरेल!” फोनवर दर अर्ध्या तासाने गजर लावलेला. एकदा त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी चहाला आले होते. गजर झाला, बाई उठल्या, म्हणून तेही उठले. “बसा हो,” बाई म्हणाल्या. ते बसले. बाई उभ्याच. ते संकोचून पुन्हा उठले. शेवटी दोघांनी हॉलमध्ये फेऱ्या मारतच चहा घेतला. तेव्हापासून सेक्रेटरी त्यांच्याकडची कामं फोनवर उरकतात.

पण कळस झाला तो माझ्या भाच्याच्या लग्नात, कल्याणच्या हॉलवर. पंगत उठली, विहीणबाईंनी हात धुतले आणि कोणाशी एक शब्द न बोलता तरातरा बाहेर पडल्या. माझ्या भावाने ते पाहिलं. विहीण जेवून न बोलता निघाली, याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो! तो घाबरला. मानाची साडी द्यायची राहिली होती, ती पिशवी घेऊन तो मागे धावला. हॉलच्या आवारात पुढे विहीणबाई, मागे भाऊ, त्याच्यामागे काय झालं ते बघायला निघालेली त्याची बायको. “ताई, काय चुकलं असेल तर पोटात घाला,” भाऊ विनवतोय, आणि बाई काही वेग कमी करत नाहीत. तिसऱ्या फेरीला त्यांनी मागे वळून ओरडून सांगितलं, “अहो, रुसले नाहीये मी, जेवलेय!” भावाला धाप लागली होती. त्याने साडीची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि पायरीवर बसकण मारली. बाईंनी पिशवी हाताने तोलून पाहिली आणि म्हणाल्या, “हलकी आहे.” त्या वजनाबद्दल बोलत होत्या. माझ्या वहिनीला ते अजून पटलेलं नाही.

हे सगळं मी हसत हसत सांगायची. मग माझी लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली आणि तपासणीत तिची साखर थोडी वाढलेली निघाली. तिच्या डॉक्टरांनी आहार आखून दिला आणि प्रत्येक जेवणानंतर थोडं चालायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी विहीणबाई दारात हजर. ठाण्यातल्या त्यांच्या कोलशेतहून दोन वाहनं बदलून. जेवण झालं की सुनेचा हात धरून सोसायटीत हळूहळू पाच फेऱ्या, मग तिला झोपवून परत ठाण्याला. असं रोज. मला ते रुचेना. माहेरी आलेल्या पोरीला चार दिवस लोळू द्यावं, तर सासू दत्त म्हणून उभी! एकदा मी लेकीसाठी गोडाचा शिरा केला, तो नेमका त्यांनी पाहिला. “एवढा नको देऊ,” त्या म्हणाल्या. एरवी मला अहो-जाहो करणाऱ्या बाईंच्या तोंडून एकेरी निघालं आणि माझं डोकं फिरलं. “ही माझ्या घरी आलीय. इथे मी बघेन,” मी म्हणाले. त्यांनी पर्स उचलली आणि निघाल्या.

मलाच राहवलं नाही. जिना उतरून मी त्यांना फाटकापाशी गाठलं. प्रथमच त्या थांबलेल्या दिसल्या. “माझ्या आईला साखर होती,” त्या म्हणाल्या. “कोणी लक्षच दिलं नाही. डोळे गेले. माझा मुलगा झाला तेव्हा तिने त्याला मांडीवर घेतलं आणि बोटांनी नाक बघितलं, कान बघितले. मला विचारलं, गोरा आहे का गं? मला नातवंड डोळ्यांनी बघायचंय, विहीणबाई. आणि तुमची मुलगी... ती पण माझीच आहे ना आता?”

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघींनी फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. मला दम लागला, त्यांना नाही. शिरा त्या दिवशी आमच्या ह्यांनी संपवला. त्यांना मग संध्याकाळी आम्ही फिरायला नेलं.

लेकीची साखर शेवटपर्यंत आटोक्यात राहिली आणि नात सुखरूप झाली. पुढे जावयाची बडोद्याला बदली झाली, तशा विहीणबाईही गेल्या. माझ्या घरात आता दुपारी कोणी फिरत नाही.

परवा त्यांचा फोन आला. “ओलांडली हो शेवटी,” म्हणाल्या. साखर काठाच्या पलीकडे गेली होती, डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती. “एवढं चालून?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“चालले म्हणूनच एवढी वर्षं लांबली, असं डॉक्टर बोलले. आता गोळी पण घ्यायची आणि चालायचं पण. डोळे पण तपासून आले, चांगले आहेत.” पलीकडे नातीचा दंगा ऐकू येत होता. “बरं ते जाऊ द्या. ऐका, आज तिने पिवळा फ्रॉक घातलाय. त्यावर हिरवे पोपट आहेत. एका पोपटाची चोच धुऊन धुऊन पुसट झालीय, पण मला इथून दिसतेय.”