वळणावर घसरणारी पॅसेंजर

माझ्या मूर्खपणाचे किस्से पुष्कळ आहेत, पण हा सांगताना अजून कान गरम होतात. चहा घ्या हातात, सांगूनच टाकतो!

तलासरीच्या आश्रमशाळेतून निवृत्त झालो आणि डहाणूच्या घरात मागच्या खोलीत आगगाडी आणली. हसू नका, टेबलावरची छोटी गाडी! प्लायवूडच्या दोन फळ्या जोडून त्यावर रूळ, बोगदा, स्टेशन आणि पाच डब्यांची निळी पॅसेंजर.

खोली खरं तर सुलभाची, म्हणजे आमच्या बायकोची. खिडकीपाशी ती चिकूच्या चकत्या सुकवायची. तिने हसत हसत अर्धी खोली मला दिली. एवढं कोण देतं हो?

आणि मी काय केलं? गाडी खिडकीजवळच्या वळणावर घसरायला लागली, तेव्हा आधी उंदरांवर आळ घेतला. मग मुंग्यांवर. शेवटी सुलभावर!

"तुझ्या चिकूचा चीक रुळाला लागतो. ही ताटं हलव इथून!"

"अहो, चकत्या कडकडीत सुकल्यात."

"मग वासाने घसरत असेल!"

वासाने गाडी घसरते, असं विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस बोलला बरं का!

बिचारीने ताटं गच्चीवर नेली. दोन दिवसांत कावळ्यांनी चकत्या फस्त केल्या. गाडी घसरतच होती. मग मात्र सुलभा पदर खोचून आली.

"रविवारी एक पूर्ण फेरी मारून दाखवा. नाही जमलं, तर टेबल माळ्यावर आणि खोली माझी!"

माझी झोपच उडाली. शेवटी कैनाडच्या लखमादादांना बोलावलं. जन्मभर रेल्वेत गँगमन, रूळ तपासत चाललेला माणूस. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. रविवारी आले ते पिशवीभर काकड्या घेऊनच.

दादा वाकले, डोळा रुळाला लावला, बोटाने सांधा चाचपला.

"रूळ बरा हाय, गुरुजी. पन रिकाम्या रुळावर काय कळत नाय. गाडी चालवा."

मी बटण फिरवलं. पॅसेंजर बोगद्यातून बाहेर आली, स्टेशन गेलं, वळण आलं. मी श्वास रोखून पुढे झुकलो आणि खळ्ळकन तीन डबे आडवे!

सुलभाने लगेच माळ्याखाली खुर्ची ठेवली.

"परत चालवा," दादा म्हणाले. परत घसरली. तिसऱ्यांदा तर ते गाडीकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते!

"गुरुजी, रागावू नका. गाडी आली का गँगमन लाईन सोडून लांब उभा राहतो. तुम्ही पुढं का येता?"

"नीट बघायला!"

"तुम्ही वाकलात का तुमचं पोट फळीवर टेकतं. फळी दबते, सांधा उचलतो, गाडी पडते."

सुलभा अशी हसत सुटली, की तिला त्याच खुर्चीवर बसावं लागलं.

दादांनी खडू घेतला आणि टेबलापासून दोन हात लांब जमिनीवर रेघ ओढली. मी मुकाट्याने रेघेमागे उभा राहिलो. पॅसेंजर निघाली. वळण आलं, वळण गेलं! एक फेरी, दुसरी, तिसरी. दादा सवयीने ताठ उभे राहून प्रत्येक वेळी हात वर करत होते. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. मी दोघांना हात जोडले आणि सुलभाची माफी मागितली.

तिने टेबल ठेवू दिलं. कावळ्यांचा विषयही काढला नाही, इतकं तिचं मन मोठं. फक्त रेघ आणि टेबल यांच्यामधली मोकळी जागा वितीने मोजली आणि एक लांबट स्टूल आणून ठेवलं.

आता गाडी रोज धावते. आणि जिथे माझं पोट असायचं, तिथे चिकूची दोन मोठी ताटं अगदी आरामात मावतात.