मोकळं लायसन्स

ऑफिसात त्यांना सगळे वाटपताई म्हणत. पंपांचे आराखडे काढणारं ते ऑफिस. माणसं तीस आणि महागड्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरची लायसन्स बारा. कुणी सॉफ्टवेअर उघडलं की एक लायसन्स अडकायचं, बंद केलं की मोकळं व्हायचं आणि टपून बसलेल्या पुढच्याला मिळायचं. कुणाकडे किती वेळ अडकलंय, हे बघणं ताईंचं काम. सॉफ्टवेअर उघडं टाकून कुणी गप्पा छाटायला लागला, की त्या मागे जाऊन उभ्या राहत. "जेवण झालं असेल तर पाटावरून उठा, मागची पंगत खोळंबलीय." लोक नावं ठेवायचे, पण ताईंनी डावं-उजवं केलं असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. साहेबांनाही त्यांनी रांगेत थांबवलं होतं. ह्याचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

अपवाद एकदाच केला, मामांसाठी. मामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. मामींचं दुखणं हाताबाहेर गेलं आणि मामांची रजा संपत आली, तेव्हा ताईंनी आपणहून एक लायसन्स त्यांच्या लॅपटॉपवर महिन्यासाठी घालून दिलं. "खाटेशेजारी बसून काम करा. इथलं मी बघते."

मामा रोज दवाखान्यातून ड्रॉइंग पाठवायचे. फोनवर हसून म्हणायचे, "ही माझा डावा हात सोडतच नाही. नशीब, माउस उजव्या हातात असतो!"

मग एका मोठ्या कामाची घाई उठली. नवा इंजिनियर सकाळपासून लायसन्ससाठी ताटकळला होता. शेवटी तो सगळ्यांसमोर ओरडला, "मिळणार कसं? बारातलं एक दवाखान्यात पडलंय. मर्जीतल्या माणसांना नियम नाहीत वाटतं इथे!"

साहेबांनी नुसतं ताईंकडे बघितलं. पण ताईंच्या वर्मी घाव बसला होता. त्यांनी फोन उचलला.

"मामा, ते लायसन्स परत लागतंय. लॅपटॉप इथल्या नेटवर्कला जोडल्याशिवाय ते सुटत नाही. तासाभरासाठी येऊन जाल?"

मामा म्हणाले, "येतो की. नियम म्हणजे नियम."

मामा आले. दाढी वाढलेली, पायात घरातल्या सपाता. बसलेसुद्धा नाहीत. उभ्या उभ्या लॅपटॉप जोडला, लायसन्स परत केलं आणि आल्या पावली निघाले. ते दवाखान्यात पोचले तेव्हा मामी गेल्या होत्या.

ताईंना हे संध्याकाळी कळलं. त्याआधीचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मामा वाटेत असतानाच कुणीतरी जेवायला उठलं होतं आणि इंजिनियरला त्याचं मोकळं झालेलं लायसन्स मिळालं होतं. मामांनी आणून दिलेलं दिवसभर पडद्यावर मोकळंच दिसत होतं. कुणी त्याला हातही लावला नाही.

दोन आठवड्यांनी मामा कामावर आले. ताईंनी क्षमा मागायची वाक्यं मनाशी घोकून ठेवली होती. त्या मामांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मामाच म्हणाले, "ताई, त्या दिवशी लायसन्स कामी आलं ना? मी यायला उशीर नाही ना केला?"

कुणाचं लायसन्स किती वेळ चाललं, हे ताईंनी आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"आलं, मामा," त्या म्हणाल्या. "दिवसभर चाललं."

"मग ठीक झालं." मामांनी आपला डावा हात उजव्या हातात धरला. "सोडत नव्हती हो. एकेक बोट सोडवून घ्यावं लागलं. म्हटलं, अगं, तिकडे काम अडलंय, आलोच."